उणे तीनवर बसलेले सर

सहावीला गणित शिकवायला आलेल्या नव्या बाई तेवीस वर्षांच्या होत्या. आवाज बारीक, चालणं घाईचं आणि ओढणीच्या टोकाला कायम खडूची भुकटी. वर्ग नीट ऐकत नसला की त्या स्वतःशीच पुटपुटायच्या, म्हणून पोरांनी त्यांचं नाव 'पुटपुट बाई' ठेवलं होतं. बाईंना ते ठाऊक होतं. बरं वाटत नव्हतं, पण नाव चुकीचं आहे असंही म्हणता येत नव्हतं.

त्यांची नोकरी अजून कच्ची होती. पहिल्या वर्षात निरीक्षक सर दोनदा येऊन वर्गात मागे बसणार, शिकवणं बघणार, आणि मग ठरणार, बाईंना ठेवून घ्यायचं की नारळ द्यायचा.

या निरीक्षक सरांना गावभरचे नवे शिक्षक मौनीबाबा म्हणत. तास संपेपर्यंत तोंडातून चकार शब्द नाही, चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. जाताना मात्र एक प्रश्न विचारायचे, तोही एकाच मुलाला. त्या एका प्रश्नाने भल्याभल्यांची झोप उडवली होती.

पहिल्या निरीक्षणाला बाई जय्यत तयारी करून गेल्या. विषय होता ऋण संख्यांची वजाबाकी. फळ्यावर रंगीत खडूने नियम लिहिला, उणे उणे मिळून अधिक. मुलांकडून तो इतक्या वेळा म्हणून घेतला की बाहेरून जाणाऱ्या शिपायालाही पाठ झाला असता. सगळी गणितं बरोबर आली. बाईंना वाटलं, जिंकलं आपण.

मौनीबाबा उठले. खिडकीशी बसलेल्या एका उंच मुलीपाशी थांबले. तिला सगळे जिराफ म्हणत, आणि तीही त्या हाकेला ओ देई.

"उणे उणे मिळून अधिक का होतं गं?" त्यांनी विचारलं.

जिराफने फळ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि अगदी प्रामाणिकपणे म्हणाली, "कारण बाई म्हणाल्या."

वर्ग खो खो हसला. मौनीबाबा हसले नाहीत. बाहेर पडताना दारात थांबून बाईंना एवढंच म्हणाले, "तुम्ही मेहनतीने शिकवलंत. शिकलं कुणीच नाही. महिनाभराने परत येतो."

त्या संध्याकाळी बाई घरी आल्या त्या तोंड एवढंसं करूनच. त्या दादा-वहिनीकडे राहायच्या. वहिनी औषधाच्या दुकानात कामाला होती आणि माणसाच्या चेहऱ्यावरून दुखणं ओळखण्यात तिचा हात कुणी धरला नसता.

"रडून घ्यायचं असेल तर आत्ताच घे," वहिनी म्हणाली, "ताटं वाढली की रडायचं नाही. अन्नाला चव राहत नाही."

बाई रडल्या, मग जेवल्या, आणि मग म्हणाल्या, "वहिनी, खरं सांगू? तो प्रश्न मला विचारला असता ना, तर मीही हेच म्हटलं असतं. मला माझ्या बाईंनी सांगितलं होतं."

वर्गात शेवटच्या बाकावर आणखी एक मुलगी होती, कॅप्टन. हे नाव तिला गेममुळे मिळालं होतं. शाळेतली निम्मी पोरं संध्याकाळी तिच्या टीममध्ये खेळायची आणि ती सांगेल तसं लढायची. वर्गात मात्र ही कॅप्टन दुपारच्या तासाला डोकं टेकवून खुशाल झोपायची. शेवटी बाईंनी तिच्या आईला बोलावून घेतलं.

आई इस्पितळात नर्स होती. ड्युटीवरून तशीच आली, पांढऱ्या गणवेशात. "बाई, मी हात टेकले," ती म्हणाली. "माझी पाळी रात्रीची असते. मी घराबाहेर पडले की ही आणि हिची आत्या त्या गेमला चिकटतात. आत्याच फूस लावते, तर पोरीला काय बोलायचं? तुम्ही एकदा घरी या आणि दोघींना चांगलं फैलावर घ्या."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, आई ड्युटीवर निघून गेल्यावर, बाई कॅप्टनच्या घरी गेल्या. वाटेत त्यांनी एक कडक भाषण मनाशी जुळवून ठेवलं होतं. दार आत्यानेच उघडलं. ती केस कापायचं दुकान चालवायची. चाळिशीची, गोल चेहऱ्याची, कमरेला अजून ॲप्रन तसाच.

"या, या! फक्त दोन मिनिटं बसा हं," आत्या म्हणाली. "माझं जहाज हवेत आहे." आणि ती धावत आत गेली.

बाई आत जाऊन मागच्या खुर्चीवर बसल्या. अगदी मौनीबाबांसारख्या, भिंतीला पाठ लावून. समोर पडद्यावर एक उडतं जहाज डोलत होतं. आत्याच्या हातात कंट्रोलर होता आणि शेजारी कॅप्टन बसली होती. शाळेत मिटलेले डोळे इथे टक्क उघडे होते.

"आत्या, डोंगर आला."

"दिसतोय गं मला! वर कसं घेऊ? गॅस संपलाय!"

"हं."

"हं काय? कुठलं बटण दाबू ते सांग ना, मेले!"

बाईंच्या लक्षात आलं, कॅप्टनने आपले दोन्ही तळहात मांड्यांखाली घट्ट दाबून धरले होते.

बाईंनी हळूच विचारलं, "अशी हातांवर का बसलीयस?"

"नाहीतर मी कंट्रोलर हिसकावून घेईन, बाई," ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. "मग जहाज वाचेल. पण आत्याला काही येणार नाही."

जहाज डोंगरावर आपटलं. मोठा आवाज झाला. आत्या कपाळावर हात मारून हसत सुटली. बाईंना नवल वाटलं ते याचंच. वर्गात चूक झाली की पोरांचे चेहरे पडतात, आणि इथे ही आत्या हसते काय, परत सरसावून बसते काय!

"आता सांग, का आपटलं?" कॅप्टनने विचारलं.

"गॅस नव्हता म्हणून."

"वर जायला गॅसच लागतो का?"

आत्याने डोळे बारीक करून जहाजाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "थांब गं. खाली ती वाळूची पोती लटकलीयेत. ती फेकली तर?"

"मला काय विचारतेस? करून बघ."

आत्याने एक पोतं सोडलं. जहाज जरासं वर उचललं. दुसरं सोडलं, तिसरं सोडलं, आणि जहाज डोंगरमाथा ओलांडून पलीकडे गेलं. आत्या सोफ्यावरून अशी उडाली की तिच्या ॲप्रनमधले चिमटे खोलीभर पसरले.

आणि मागच्या खुर्चीवरच्या बाई उभ्या राहिल्या होत्या. कडक भाषणातला एक शब्द आता आठवत नव्हता.

"कॅप्टन, एक सांग. समज, जहाज एका दरीत आहे. जमिनीपेक्षा पाच हात खाली. तू दोन पोती फेकलीस. एका पोत्यामागे एक हात वर. आता कुठे आहे?"

"तीन हात खाली."

"हेच मी फळ्यावर लिहिलं होतं. उणे पाच, त्यातून उणे दोन वजा."

कॅप्टनचं तोंड उघडंच राहिलं. "अय्या! ते हे आहे होय? मग त्या दिवशी असं सांगितलं का नाहीत?"

"कारण त्या दिवशी मलाच माहीत नव्हतं," बाई म्हणाल्या.

निघताना त्यांनी झोपेचा विषय काढलाच, पण वेगळ्या तऱ्हेने. "मला वर्गात एक मदतनीस हवी आहे," त्या कॅप्टनला म्हणाल्या. "पण ती जागी असायला हवी. झोपाळू माणूस मला चालणार नाही." कॅप्टनने आत्याकडे पाहिलं, आत्याने जमिनीकडे. दोघींनी मिळून कबूल केलं, दुकान बंद झालं की तासभर खेळायचं आणि मग पडद्याला कुलूप.

वहिनीने जुन्या चादरीच्या मुठीएवढ्या पिशव्या शिवून दिल्या, दादाने त्यांत वाळू भरली. शाळेचा मधला जिना तळघरातल्या कोठारापासून थेट वरच्या मजल्यापर्यंत जात होता. मोठ्या दारापाशी जिथे जमीन होती तिथे बाईंनी खडूने शून्य काढलं. वरच्या पायऱ्यांवर एक, दोन, तीन. खालच्या पायऱ्यांवर उणे एक, उणे दोन, उणे तीन. प्रत्येक टीमला एक टोपली, तिला बांधलेले रंगीत फुगे आणि आत वाळूच्या पिशव्या. एक फुगा एक पायरी वर नेणार, एक पिशवी एक पायरी खाली. चिठ्ठी उचलायची, ती सांगेल तसे फुगे किंवा पिशव्या घालायच्या नाहीतर काढायच्या, आणि टोपली घेऊन त्या पायरीवर जायचं.

पहिल्या दिवशी नुसता धुरळा उडाला. एका पिशवीची शिवण उसवली आणि वाळू जिनाभर सांडली. दोन फुगे फटाफट फुटले. चिठ्ठ्यांची सरमिसळ झाली, कोण वर जातंय नि कोण खाली, कुणाचा कुणाला पत्ता नाही. बाई मध्ये उभ्या राहून "वर! वर! अगं, वर!" असं ओरडत होत्या. त्या आरड्याओरड्याने वरच्या मजल्यावरून मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, खाली उतरल्या.

"ही शाळा आहे की बाजार?" त्यांनी विचारलं. "माझ्या जिन्यावर गोंधळ मला चालणार नाही. आणि निरीक्षणाच्या दिवशी तर हे नाटक मुळीच नको. फळा, खडू आणि शांतता. समजलं?"

सगळे गेल्यावर बाई वाळू झाडत होत्या. कॅप्टन दुसरा झाडू घेऊन आली.

"बाई, एक बोलू? रागवणार नाही ना?"

"बोल बाई. आज माझ्यात रागवायचंही त्राण नाही."

"तुम्ही पहिलीच लेव्हल दहाव्या लेव्हलइतकी अवघड ठेवलीत. चारी प्रकारच्या चिठ्ठ्या एकदम दिल्यात. आधी नुसते फुगे द्यायचे. ते जमलं की पिशव्या. मग काढणं. आणि..." ती घुटमळली.

"आणि काय?"

"आम्ही पाय उचलायच्या आधीच तुम्ही उत्तर सांगत होतात."

बाई झाडूवर रेलून हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. मौनीबाबांनी दारात जे सांगितलं होतं तेच ही बारा वर्षांची पोर सांगत होती. फरक इतकाच की हिने पुढे काय करायचं तेही सांगितलं होतं.

गोंधळ नको, असं मोठ्या बाई म्हणाल्या होत्या. जिना नको असं काही रोजच्यासाठी म्हटलं नव्हतं. बाईंनी नवा नियम काढला. जिन्यावर बोलायचं ते कुजबुजत. टाळ्या नाहीत, आनंद झाला तर दोन्ही हात वर करून हलवायचे. पोरांना हा नियमच इतका आवडला की जिन्यावर पिन पडली तरी ऐकू यावी. आधी नुसते फुगे झाले, मग पिशव्या. चुकलं की कुणी हसत नव्हतं, टीम फक्त विचारायची, "का?" बाई कठड्याला टेकून उभ्या राहायच्या आणि जिभेवर आलेलं उत्तर गिळायच्या. सुरुवातीला ते फार जड गेलं. मग हळूहळू त्यांना दिसायला लागलं, उत्तर न सांगितल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर काय काय घडतं ते.

निरीक्षणाचा दिवस आला. मौनीबाबा आले, मागे बसले. शेजारी मोठ्या बाई बसल्या. सांगितल्याप्रमाणे बाईंनी फळ्यावर गणित लिहिलं आणि खडू पुढे करून विचारलं, "कोण सोडवेल?"

वर्ग दगडासारखा. कालपर्यंत जिन्यावर चमकणारे डोळे आज मागच्या खुर्च्यांकडे चोरून बघत होते. एकाने घाबरत हात वर केला आणि जुना नियम पोपटासारखा म्हणून दाखवला. उणे उणे मिळून अधिक. असाच तास पुढे गेला तर काय होणार हे बाईंना स्पष्ट दिसत होतं.

त्यांनी खडू खाली ठेवला. हात झटकले.

"चला," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा बारीक आवाज पहिल्यांदाच शेवटच्या बाकापर्यंत खणखणीत पोचला. "जिन्यावर."

मोठ्या बाईंनी खुर्चीतून अर्धं उठून "अहो!" म्हटलं, पण तोवर वर्ग ओठांवर बोट ठेवून, टोपल्या घेऊन, मुंग्यांच्या रांगेसारखा दाराबाहेर पडलाही होता.

मौनीबाबांनी आपली खुर्ची स्वतः उचलली आणि मागोमाग निघाले. जिन्यावर सगळं नीट दिसेल अशी जागा शोधत ते शून्याच्या खाली उतरले. तिसरी पायरी चांगली ऐसपैस होती, वळणावरची. तिथे खुर्ची मांडून बसले.

एक छोटा मुलगा टोपली घेऊन त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. "सर," तो कुजबुजला, "तुम्ही उणे तीनवर बसलाय. आमचा फुगा इथे उतरायचाय."

मौनीबाबांनी खाली पाहिलं. मग त्याच्याकडे. "मग मी कुठे बसू?"

मुलाने क्षणभर विचार केला. "सर, आमच्या टीमचा एक जण आज आजारी आहे. तुम्हीच फुगा व्हा ना." आणि सरांनी काही म्हणायच्या आत टोपली त्यांच्या हातात आली. वर उभ्या असलेल्या मोठ्या बाईंनी कठडा घट्ट पकडला.

सर उभे राहिले. कॅप्टनने चिठ्ठी उचलून वाचली, "दोन पिशव्या काढा." मुलाने टोपलीतून दोन पिशव्या काढून घेतल्या. काढा म्हटलं की खाली, एवढी सवय प्रत्येकाच्याच पायांत मुरलेली असते. सर एक पायरी खाली उतरले.

जिन्यावर कुणी हसलं नाही. नव्या बाईंनी ओठ आवळले.

"सर," कॅप्टन म्हणाली, "तुमची टोपली आता जड झाली की हलकी?"

सरांनी टोपली हातात जोखून पाहिली. "हलकी."

"मग?"

सर एक पाय हवेत धरून तसेच उभे राहिले. आणि जिना बघत असताना त्या चेहऱ्यावरची कधी न हलणारी रेघ हलली. ते परत उणे तीनवर आले, तिथून उणे दोनवर, मग उणे एकवर. सबंध जिन्यावरचे हात वर झाले आणि वारा लागलेल्या पानांसारखे आवाज न करता हलायला लागले.

तास संपता संपता सगळे वर्गात परतले. आता तो एक प्रश्न. मौनीबाबा सरळ जिराफपाशी गेले.

"उणे तीनमधून उणे दोन वजा केले तर?"

"उणे एक."

"का?"

"तुम्ही स्वतःच चालत गेलात की, सर!"

वर्गात हसू फुटलं, पण या वेळी जिराफ थांबली नाही. "म्हणजे, उणे दोन हे वजन आहे. वजन घातलं की खाली जातो. तेच काढलं की जितकं खाली नेलं असतं तितकं वर येतो."

मौनीबाबांनी मान हलवली. सगळ्यांना वाटलं, झालं, आता निघतील. पण ते जागेवरून हलले नाहीत. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. असं पूर्वी कधी घडल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

"आणि टोपलीत नुसते तीन फुगे असतील, पिशवी एकही नसेल, तर उणे दोन कसे काढशील? नाही ते काढणार कुठून?"

हे नव्या बाईंनी शिकवलं नव्हतं. खरं तर त्यांनी स्वतःही असा विचार कधी केला नव्हता. मोठ्या बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. काहीतरी सुचवावं म्हणून बाईंनी तोंड उघडलं आणि परत मिटलं. थांबायचं, त्यांनी स्वतःला बजावलं. तिला थांबू दे, आपणही थांबायचं.

जिराफने डोळे मिटले. तिची बोटं हवेतच काहीतरी टोपलीत घालत होती, काढत होती. बराच वेळ गेला. मग तिने डोळे उघडले.

"आधी दोन फुगे आणि दोन पिशव्या एकदमच टोपलीत टाकायच्या," ती सावकाश म्हणाली. "एवढंच वर, एवढंच खाली, म्हणून टोपली जागची हलणार नाही. मग त्या दोन पिशव्या काढून घ्यायच्या." तिचा आवाज चढत गेला. "म्हणजे फुगे उरले पाच! सर, पाच! म्हणूनच तर अधिक होतं!"

वर्ग नियम विसरला. टाळ्या, बाकांवर थापा, शिट्ट्या, जे काही दाबून ठेवलं होतं ते सगळं एकदम बाहेर पडलं. कॅप्टन बाकावर उभी राहून "जिराफ! जिराफ!" ओरडत होती. आणि शांततेचा आग्रह धरणाऱ्या मोठ्या बाई सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होत्या.

बाहेर पडताना मौनीबाबा नव्या बाईंपाशी थांबले. "मी इतकी वर्षं हा नियम वापरला," ते म्हणाले. "आज पहिल्यांदा तो माझ्या पायांना कळला. त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही पढवलं होतं?"

"नाही, सर. मलाही ते आत्ताच समजलं."

"मला वाटलंच." ते हसले, अगदी दात दिसतील असे. "तुम्ही तोंड उघडून परत मिटलंत ना, तेव्हाच मी मनाशी ठरवलं. तुम्ही राहताय इथे. पण हे असं शिकवायला कुठे शिकलात?"

"एका वर्गाचं निरीक्षण केलं, सर. शिक्षिका बारा वर्षांची होती आणि विद्यार्थिनी चाळिशीची."

सरांना सगळी हकिगत ऐकायची होती. ती ऐकता ऐकता मधली सुट्टी संपली, आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या शाळांतले नवे शिक्षक या वर्गात बसायला घेऊन येतो, असं सांगून ते गेले.

शाळा सुटताना फाटकापाशी कॅप्टनची आई उभी होती. बातमी तिच्यापर्यंत कुणी पोचवली कोण जाणे. "बाई, मी तुम्हाला गेम बंद करायला पाठवलं होतं," ती म्हणाली, "आणि ऐकते तर काय, तुम्ही तो शाळेतच आणलात!"

"आणला खरा. पण ती आता तासाला झोपत नाही. उलट मलाच झोपू देत नाही."

आईने लेकीकडे पाहिलं. इतके दिवस जो राग तिने आवरून धरला होता, त्याच्या जागी आता दुसरंच काही होतं आणि ते तिला आवरत नव्हतं. तिने पोरीला गर्दीतच जवळ ओढलं, तिच्या विस्कटलेल्या केसांवर हनुवटी टेकली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटली, "ही माझी मुलगी. हिने सरांना शिकवलं आज."

नव्या बाई तिथून निघाल्या तेव्हा वहिनीला फोन लावत होत्या. वहिनीने "काय झालं?" एवढं विचारायचा अवकाश, भर रस्त्यात त्यांनी सगळं सांगायला सुरुवात केली, इतक्या मोठ्या आवाजात की पलीकडच्या फुटपाथवरची माणसं थांबून बघायला लागली.